थोड्या पैशांतला गुन्हेपट

आमच्या तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तो माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून. सिनेमाला मात्र कोटी लागतात, असे माझे विद्यार्थी म्हणतात. त्यांना मी निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ दाखवतो. २००५ सालचा हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. खर्च बेताचा, बडा नट एकही नाही.

गोष्ट काय? मुंबईच्या जलद लोकलने रोज बँकेत जाणारा माधव आपटे. नियमाने चालणारा, बायकामुलांचा माणूस. एके दिवशी त्याचे डोके फिरते आणि हाती येते क्रिकेटची बॅट! हत्यार घरोघरचे, रस्ता नेहमीचा. मग सेट कशाला उभारायचे? पैसा तोकडा, म्हणजे माणूसच नीट दाखवावा लागतो. संदीप कुलकर्णींनी तो दाखवला. मला त्याची बॅट पटत नाही हो, पण राग पटतो; तिथेच पंचाईत होते.

चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००७ साली कामतांनीच तो तमिळमध्ये केला. २०२० साली ते गेले. लोणावळा लोकलमध्ये उभ्याने घरी परतताना मी अजून तोंडे न्याहाळतो, यांत आपटे कोण असेल?