कथेचा धनी कोण?

कथा मूळ कर्त्याच्या हातून सुटून लोकांच्या हाती गेली, की तिच्यातील कोणता भाग खरा आणि कोणता मागाहून चिकटवलेला, हा वाद उभा राहतोच. आणि आज हा वाद सर्वांत हिरिरीने कोठे होत असेल, तर जॉर्ज लुकास यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळगाथेच्या चाहत्यांमध्ये. गाथेच्या धन्याने अधिकृत मानलेल्या कथाभागाला हे चाहते ‘कॅनन’ म्हणतात; येथे त्यासाठी ‘प्रमाणकथा’ हा शब्द वापरला आहे. पात्र रंगमंचावर येण्यापूर्वी त्याच्या आयुष्यात जे घडले असेल ते त्याचे ‘पूर्वचरित्र’, आणि आधी सांगून झालेली गोष्ट नव्या कथेच्या सोयीसाठी मागे जाऊन बदलणे ही ‘उत्तरदुरुस्ती’. या तीन संज्ञा हाताशी असल्या, की जुन्नर–आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात शतकानुशतके चालत आलेले काही वादही त्याच जातीचे आहेत, हे ध्यानात येते.

बोबा फेट हे त्या गाथेतील पात्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९८०च्या चित्रपटात या शिरस्त्राणधारी बक्षीसशिकाऱ्याच्या वाट्याला जेमतेम चार वाक्ये आली आणि १९८३च्या चित्रपटात तो वाळवंटातील एका महाकाय प्राण्याच्या जबड्यात पडून संपला. परंतु ज्याचा चेहराही दिसला नाही, अशा या माणसाचे कुतूहल इतके वाढले, की चित्रकथांनी त्याला त्या जबड्यातून जिवंत बाहेर काढले, १९९६च्या एका कथेने त्याला निराळे मूळ नाव आणि कायद्याच्या रखवालदाराचे पूर्वायुष्य दिले, आणि २००२ मध्ये लुकास यांनी स्वतःच तो दुसऱ्या एका शिकाऱ्याची हुबेहूब प्रतिकृती असल्याचे दाखवून ते पूर्वायुष्य निकालात काढले. २०१२ मध्ये लुकास यांची कंपनी डिस्नेने विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाले, की चित्रपटांबाहेर तोवर लिहिलेल्या बहुतेक कादंबऱ्या आणि चित्रकथा यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, समजल्या जातील. वीस-वीस वर्षे त्या कथांवर वाढलेल्या वाचकांना हे आपल्याच घरातून बाहेर काढल्यासारखे वाटले, यात नवल नाही. मौज अशी, की २०२०च्या मालिकेत तोच फेट पुन्हा जिवंत परतला, म्हणजे दंतकथा ठरवून बाजूला सारलेली गोष्ट मागच्या दाराने प्रमाणकथेत आली.

ज्या परंपरेला असा एकच धनी नसतो, तेथे काय घडते याचे उत्तर जुन्नरजवळच्या ओतूर येथे मिळते. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे मंदिर आहे, श्रावणी सोमवारी तेथे तांदळाच्या पिंडी रचल्या जातात व मोठी यात्रा भरते, आणि त्याच परिसरात चैतन्यस्वामींची समाधी आहे. या समाधीचा संबंध तुकाराम महाराजांच्या गुरूशी जोडला जातो; तुकाराम महाराजांनी आपल्याला स्वप्नात गुरूपदेश झाल्याचे एका अभंगात सांगितले आहे: गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकी हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, राघव चैतन्य व केशव चैतन्य ही परंपरेची खूण सांगितली आणि स्वतःचे नाव बाबाजी असे दिले. दिवस माघ शुद्ध दशमीचा आणि वार गुरुवारचा, इतका बारीक तपशील तुकोबा देतात. परंतु हे बाबाजी कोण, कोठले, त्यांचे घरदार काय, याविषयी एक अक्षरही सांगत नाहीत. प्रमाणकथेतील मोकळी जागा म्हणतात ती हीच.

ही जागा भरण्याचे काम पुढील पिढ्यांनी केले. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई आपली गुरुपरंपरा देताना राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी आणि मग तुकोबा असा क्रम लावतात, त्यावरून केशव व बाबाजी या दोन स्वतंत्र व्यक्ती ठरतात. चैतन्य संप्रदायाच्या ‘चैतन्यकथाकल्पतरु’ या पुढच्या काळातील ग्रंथाने मात्र दोन्ही नावे एकाच पुरुषाची मानली आणि त्याला पूर्वाश्रमीचे नाव, प्रपंच, गुरुभेट व ओतूरची समाधी असे सविस्तर पूर्वचरित्र दिले. परंपरेत ही समाधी १५७१ मधील मानली जाते. तुकोबांचे जन्मवर्ष १६०८ धरले, तर गुरूने देह ठेवल्यानंतर कित्येक वर्षांनी शिष्याला उपदेश झाला असे होते, आणि मग तो स्वप्नातच का झाला, या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. पूर्वचरित्र रचणाराचे कौशल्य असते ते येथेच, कारण मूळ अभंगातील एकही शब्द न बदलता त्यातील एक गूढ या रचनेने उकलले आहे. केशव आणि बाबाजी एक की दोन, हा प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ खल करूनही पुरता मिटलेला नाही, पण त्यापायी ओतूरच्या यात्रेत कोणाचे अडले असे दिसत नाही.

आळे येथील रेड्याची समाधी हे याहून धीट उदाहरण आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा मुख्य कथेतून तेथेच बाहेर पडतो. त्या चमत्कारानंतर त्या मुक्या जिवाचे काय झाले, ही विचारपूस आळेकरांच्या परंपरेने केली, भावंडांबरोबर परत येताना त्याने आळे येथे देह ठेवला असे सांगितले आणि त्याची समाधी पुजली. फेटच्या चाहत्यांचे कुतूहल याच जातीचे आहे, फक्त आळ्याच्या रेड्याला दंतकथेत ढकलण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीजवळ नाही.

भीमाशंकरच्या बाबतीत मात्र वाद तापला. आंबेगाव–खेडच्या सीमेवरील या ज्योतिर्लिंगाची कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आहे, तीत कुंभकर्ण आणि कर्कटी यांचा पुत्र भीम हा आईसह सह्य पर्वतावर राहतो, पण पुढे स्वारी करतो ती कामरूपाच्या राजावर. त्यामुळे सह्याद्री आणि आसाम या दोघांनाही एकाच ग्रंथात पाय रोवायला जागा मिळते. २०२३च्या महाशिवरात्रीनिमित्त आसाम सरकारने गुवाहाटीजवळच्या स्थानाची ज्योतिर्लिंग म्हणून जाहिरात केली, तेव्हा महाराष्ट्रात राजकीय पक्षांनी निषेध केला. इकडे त्रिपुरासुराच्या वधानंतर शंकराच्या घामातून भीमा नदी झाली, ही दुसरीच उत्पत्तिकथा स्थानमाहात्म्यात नांदते, आणि दोन्ही कथा एकमेकींना छेद देत असल्या तरी भाविकाला त्याचे काही वाटत नाही. नारायणगावच्या तमाशातील गवळणीत तर मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर मावशी असतेच, आणि ती भागवतात कोठे आहे, असे आजवर कोणा रसिकाने विचारले असेल असे वाटत नाही. विचारले असते, तर मावशीने त्याची जी रेवडी उडवली असती तीही गवळणीच्या खात्यात जमा झाली असती.

ही उदारता इतिहासाला लावता येत नाही. शिवनेरीवरील शिवजन्मासाठी वैशाख १६२७ आणि १९ फेब्रुवारी १६३० अशा दोन तिथी पुढे आल्या. पहिलीला उत्तरकालीन बखरींचा आधार होता, तर दुसरीला लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीचा आणि शिवाजी महाराजांच्याच काळातील ‘शिवभारत’ या काव्याचा. येथे श्रोत्यांची आवड किंवा गावाचा अभिमान हा निकष चालत नाही, कागद किती जुना आणि घटनेला किती जवळचा हेच पाहावे लागते, आणि शासनाने १६३० ही साल मान्य केली ती याच आधारावर. इतिहासात प्रमाण म्हणजे पुरावा. पुराणकथेत प्रमाण म्हणजे ज्या श्रोतृसमाजात कथा जगते त्याची मान्यता. अंतराळगाथेत प्रमाण म्हणजे मालकी हक्क. तिन्ही एकाच तराजूत घालणारा वाद निष्फळ ठरतो.

मालकी हक्काचेही सर्व काही चालते असे नाही. १९७७च्या चित्रपटात हान सोलो हा भामटा आपल्याला धरायला आलेल्या ग्रीडोला उपाहारगृहातील मेजाखालून आधी गोळी झाडून ठार करतो. १९९७च्या सुधारित आवृत्तीत लुकास यांनी ग्रीडोलाच आधी गोळी झाडायला लावले, आणि स्वार्थी भामट्याचा हळूहळू माणूस होण्याचा जो प्रवास प्रेक्षकांना भावला होता, त्याचे पहिले पाऊलच पुसले गेले. ओतूरच्या ग्रंथकाराने मूळ अभंग जागच्या जागी ठेवून त्याभोवती चरित्र रचले, लुकास यांनी मूळ प्रसंगच बदलला. त्यामुळे कथेचा धनी असूनही या उत्तरदुरुस्तीत लुकास यांची बाजू लंगडी पडते आणि हरकत घेणाऱ्या चाहत्यांची बाजू योग्य ठरते.

जुन्नर–आंबेगावमधील स्थानमाहात्म्ये आता छोट्या पुस्तिकांमधून छापली जात आहेत, आणि छापताना एकच ‘अधिकृत’ कथा ठेवून बाकीच्या गाळण्याकडे कल दिसतो. संपादकांनी तसे करू नये; प्रत्येक पाठ कोणी सांगितला, कोणत्या गावी आणि कोणत्या साली, हे नोंदवून सर्व पाठ शेजारी-शेजारी छापावेत.