बाउडलरांची कात्री

बी.ए.ला असताना शेक्सपिअरवरच्या टीपांमध्ये एक क्रियापद भेटलं : बाउडलराइज. पुस्तकातला अश्लील वाटणारा मजकूर छाटणं, असा शब्दकोशातला अर्थ. त्यात एका माणसाचं आडनाव आहे, हे पुष्कळ उशिरा कळलं.

टॉमस बाउडलर हे इंग्लंडमधले डॉक्टर. लहानपणी त्यांचे वडील घरात शेक्सपिअर मोठ्यानं वाचून दाखवत आणि नको ते शब्द इतक्या सफाईनं गाळत, की ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नसे. तीच युक्ती छापून १८०७ साली ‘द फॅमिली शेक्सपिअर’ निघाला. वीस नाटकं, संपादकाचं नाव नाही. १८१८च्या आवृत्तीत छत्तीस नाटकं आणि नाव टॉमस यांचं. लेडी मॅकबेथच्या हातावरचा शापित डाग नुसता किरमिजी झाला. एक वेश्या तर नाटकातूनच नाहीशी झाली.

गंमत पुढेच आहे. १८०७ची कात्री मुळात त्यांच्या बहिणीनं, हेन्रिएटानं चालवली होती. पण अश्लील गाळायचं तर आधी ते कळायला हवं, आणि कुलीन अविवाहित बाईला ते कळतं हे कबूल करायची तेव्हा सोय नव्हती. शेक्सपिअर शुद्ध करता करता बिचारी स्वतःच गाळली गेली! १८२५ मध्ये टॉमस वारले. १८३६ पर्यंत आडनावाचं क्रियापद होऊन छापूनही आलं. पुढे कवी स्विनबर्न यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. मुलांच्या हाती शेक्सपिअर देता येईल असा या गृहस्थानंच केला, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचून मी हसलो, आणि मग ओशाळलो. माझ्या पहिल्या संग्रहाच्या शेवटी अम्माच्या जात्यावरच्या तीन ओव्या मी छापल्या होत्या. एकीत सासूला सणसणीत शिवी होती. लोक आपल्या घराला काय म्हणतील, या भीतीनं मी तिथं ‘माउली’ घातलं. यमकही जुळलं. अम्माला अक्षरओळख नव्हती, म्हणून पुस्तक आल्यावर तिला वाचून दाखवलं. वडिलांसारखीच सफाई साधली असं मला वाटत होतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “चांगली हाय. कुनाची रं?”

त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. शिवी मला अजून पाठ आहे. पण आकाशवाणीवर तीही सांगता येत नाही.