आठवडा दुसऱ्याचा, सुट्टी आपली

मे महिन्यात सहकुटुंब गोव्याला जायचंय आणि ओळखीतलं कुणी म्हणालं, ‘आमचा टाइमशेअरचा (म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी राहण्याच्या हक्काचा) आठवडा भाड्याने घ्या,’ तर आधी त्यांचा हंगाम विचारा. उदाहरणार्थ, क्लब महिंद्रा या टाइमशेअर कंपनीच्या 25 वर्षांच्या सभासदत्वात दरवर्षी 7 रात्री मिळतात, पण पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे हंगाम ठरलेले असतात. ब्लू हा सर्वांत कमी मागणीचा हंगाम, त्यामुळे ब्लूवाल्यांना ऐन सुट्टीत खोली मिळणं अवघडच. सभासदाचं वार्षिक शुल्क थकलं असेल, तरी आरक्षण अडतं. आठवडा असा भाड्याने देणं करारात बसतं का, आरक्षणावर तुमचं नाव आहे का, हे थेट रिसॉर्टला फोन करून विचाराच. तोवर पूर्ण पैसे मुळीच देऊ नका. जेवणाचा खर्च बहुधा वेगळा असतो.