तेच गाणं पुन्हा पुन्हा



गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार ऐकू येते. रेडिओ लावला की तीच जुनी गाणी! सकाळी धार काढताना जे लागलं, तेच दुपारी खुरपताना आणि तेच रात्री भाकरी थापताना. गाणं वाईट नसतं. पण पुरणपोळी रोज वाढली तर तिचाही कंटाळा येतो. असा कंटाळा आला म्हणून गाण्याचा किंवा गाणारीचा अपमान होत नाही.

मग रेडिओवाले तेच का लावतात? ओळखीचं गाणं लागलं की माणूस थांबतो, अनोळखी लागलं की स्टेशन बदलतो. ऐकणारे गेले की जाहिरातीही जातात. अमेरिकेत १९५०च्या सुमाराची टॉड स्टॉर्झ या रेडिओमालकाची गोष्ट सांगतात. एका हॉटेलात पैसे टाकून गाणं लावायचं यंत्र होतं. गिऱ्हाइकं दिवसभर तीच तीच गाणी लावत. संध्याकाळी काम आवरल्यावर तिथल्या वाढणारीने स्वतःचं नाणं टाकलं आणि दिवसभर ऐकलेलंच गाणं पुन्हा लावलं! त्यावरून मोजकी आवडती गाणी सतत वाजवायची पद्धत निघाली म्हणतात. आपणही फर्माईश करताना तोंडात येईल तेच गाणं सांगतो. तेव्हा सगळा दोष रेडिओचा नाही.

सिनेमाची गाणी बंद करा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. १९५०च्या दशकात आकाशवाणीने ती जवळजवळ बंद केली, तर लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली.

पण एक विचार करू या. आपल्या आज्या जात्यावर वर्षानुवर्षं त्याच चालीत गायच्या. त्यांना कंटाळा कसा आला नाही? कारण चाल जुनी असली तरी ओवीत रोज नवं घालता यायचं. भाऊ आला नाही, लेक नांदायला गेली, पाऊस लांबला, पंढरीची वाट दिसू लागली, बाबासाहेबांचं नाव घ्यावंसं वाटलं, ते सगळं ओवीत जायचं. रेडिओवरचं गाणं कितीही गोड असलं तरी त्यात आपल्याला एक शब्द घालता येत नाही. आपल्या कंटाळ्याचं मूळ आम्हाला इथं दिसतं.

गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची वेळही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून तेवढ्या राहिल्या. आपल्या गावातल्या किती राहिल्या? ज्या म्हाताऱ्यांना येतात, त्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एकजण गेली की तिच्याबरोबर तिचं सगळं गाणं जातं.

सामुदायिक रेडिओ यासाठीच आहे. २००६च्या धोरणाने संस्थांना असं केंद्र चालवायची मुभा मिळाली. निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या भागातच तयार झालेले असावेत, असा नियम आहे. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तेलंगणात माचनूरचं संघम रेडिओ तर दलित शेतकरी बायकाच चालवतात.

तेव्हा प्रत्येक गटाने एवढं करावं. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं गाण्याला ठेवावीत. गाणारीला आधी विचारावं, रेडिओवर लावलं तर चालेल का? ती नको म्हणाली तर तिथंच थांबावं. हो म्हणाली तर पंखा बंद करून, मोबाइल जवळ धरून रेकॉर्ड करावं. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकली ते तिच्याच तोंडून घ्यावं. मग ते जवळच्या रेडिओ केंद्राला द्यावं. तरण्या सुनांनी लाजू नये. आज गॅस महागला, बस चुकली, कर्जाचा हप्ता फिटला, यावरही ओवी होते.

फर्माईश करतानाही एकदा म्हणून बघा, आमच्या गावच्या मावशींची ओवी लावा. मागितल्याशिवाय कुणी लावत नाही, मैत्रिणींनो. रामराम.