जुनी व्हॅन मध्येंच कां थांबते?

१९५० सालीं निघूं लागलेली फोक्सवॅगनची व्हॅन आजही हौसेनें जपणारे लोक आहेत. ती चार मैल धांवून बंद पडली नि घटकाभरानें पुन्हां सुरू झाली, तर प्लग बदलण्याची घाई करूं नये. ती दुकानदारालाच आवडते. आधीं टाकीचें झांकण उघडावें. फुस्सकन् हवा आंत शिरली, तर हवेची वाट बुजली आहे असें समजावें. गेलेल्या पेट्रोलच्या जागीं हवा न आल्यानें पंपाला तें ओढतां येत नाहीं. तसें नसल्यास गाळणी पाहावी. टाकींतला गंज तेथेंच अडकतो. रबरी नळ्या मात्र इंजिन थंड असतां अवश्य तपासाव्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोलानें जुनें रबर चिरतें, तापलेल्या इंजिनावर थेंब ठिबकतात. आणि त्याच्या कवचांत मॅग्नेशियम असल्यामुळें तें एकदां पेटलें कीं पाण्यानें आग उलट भडकते.