अनुदान हे दान नव्हे
(रेवस येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



ज्या धक्क्यावरून आपल्या वाडवडिलांनी पोटासाठी मुंबई गाठली, त्याच रेवसच्या धक्क्यापाशी आज आपण जमलो आहो. लाँचीतून ते भाऊच्या धक्क्यावर उतरत. कोणी गिरणीत जाई, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत. त्यांनी घाम गाळला म्हणून आपण शिकलो. परंतु त्याच लाँचीतून मालाच्या टोपल्या घेऊन जाणारा व्यापारी स्वतःचा नफा गाठीस बांधून परत येई, आणि आपला माणूस दुसऱ्याने ठरविलेला पगार घेऊन परत येई. चाकरी आपल्या वाट्यास आली. दुकान आले नाही. असे का झाले आणि ते बदलण्यास सरकारची जी साधने आज आहेत ती आपण हक्काने व शहाणपणाने कशी वापरावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्यात अक्कल नव्हती म्हणून आपण धंद्यात मागे राहिलो, असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे आहे. वतनाने आपल्याला गावाचे बांधील करून ठेवले आणि मोबदला दिला तो बलुत्याचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. वतने रद्द झाली ती मात्र १९५८ च्या कायद्याने. शिवाय ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या हातचा चहा कोण पिणार? त्याच्या म्हशीचे दूध कोण घेणार? बाजार हा सर्वांचा असतो असे म्हणतात. तो आपला कधीच नव्हता.

फार कशाला, खुद्द बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी कचेरी काढली होती. प्रारंभी गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली. ज्या पुरुषाने पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जगाने वाचावा असा ग्रंथ लिहिला, त्याचा सल्ला जातीमुळे विकला गेला नाही! मग ज्याच्यापाशी ना विद्या ना पैसा, त्याची काय कथा?

म्हणून मी म्हणतो की, ज्या समाजाला बाजारात उभे राहू दिले नाही, त्याला उभे राहण्यास राज्याने हात देणे हा उपकार नव्हे. हे नव्या काळाचेच म्हणणे आहे असेही नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या माजल्या असताना राजा मोठा यज्ञ करावयास निघाला. पुरोहिताने त्यास सांगितले की, नुसत्या शिक्षेने हा उपद्रव थांबणार नाही. शेती करणाऱ्यास बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्यास भांडवल दे, चाकरी करणाऱ्यास पुरते वेतन दे. मग लोक आपापल्या कामास लागतील आणि राज्य सुखी होईल. भांडवल देणे हे राजाचे कर्तव्य आहे, हा विचार आपल्या धम्मग्रंथात इतका जुना आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये ग्रामीण भागातील कुटिरोद्योगांस वैयक्तिक वा सहकारी तत्त्वावर उत्तेजन देण्याचे, आणि अनुच्छेद ४६ मध्ये दुर्बल वर्गांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, आर्थिक हित जपण्याचे कर्तव्य राज्यावर टाकलेले आहे.

त्या कर्तव्याच्या पोटी अनेक संस्था निघाल्या. १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने लघुउद्योगांचा कार्यक्रम आखला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले, १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रे व आपल्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. ही घरे बांधली गेली हे खरे. पण त्यांच्या उंबरठ्यावर आपण किती चढलो, हा प्रश्न उरतोच.

पहिला उंबरठा दाखल्याचा आहे. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा, धर्म बदलला, आता सवलत कसली, असे त्यांना ऐकविण्यात आले. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांस सवलती दिल्या. परंतु केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांस स्थान दिले ते १९९० साली. मध्यंतरी चौतीस वर्षे गेली, म्हणजे एका पिढीचे सारे उमेदीचे वय गेले. तुम्ही आज धम्मात आला असाल तर हे पक्के ध्यानात ठेवा की, बौद्ध झाल्याने तुमचा तो हक्क जात नाही. मात्र शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहून भागत नाही. मूळ जात सिद्ध करणारा कागद आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुना सातबारा, जे असेल ते आजच शोधा. धंद्याची वेळ आल्यावर पेटी उघडू नका.

दुसरा उंबरठा बँकेचा. येथे गैरसमज फार, म्हणून उदाहरणानेच सांगतो. समजा, तुमचा मुलगा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे काम शिकला आहे आणि लाँची व होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचे दुकान त्यास टाकावयाचे आहे. खर्च चार लाख रुपये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही २००८ ची केंद्राची योजना २०२६ च्या मार्चपर्यंत मंजूर झालेली होती, आणि २०१९ साली राज्यानेही मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. दोहोंत अनुसूचित जातीच्या अर्जदाराने स्वतःचे घालावयाचे ते शेकडा पाच, म्हणजे वीस हजार. आणि ग्रामीण भागात अनुदान शेकडा पस्तीस, म्हणजे एक लाख चाळीस हजार. उरलेले दोन लाख चाळीस हजार हे बँकेचे कर्ज.

आता नीट ऐका. अनुदान म्हणजे हातात पडणारी रोकड नव्हे. केंद्राच्या योजनेत ती रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि दुकान खरोखरच चालू असेल तर पुढे कर्जात वळती होते. दुकान मोडले, यंत्र विकले, तर अनुदानही गेले आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहिले. म्हणून जो दलाल म्हणतो की, “सही करा, अर्धे तुमचे, अर्धे माझे,” तो तुमचा मित्र नव्हे. अर्ज करण्यास दलाल लागत नाही. अलिबागला जिल्हा उद्योग केंद्र आहे. तेथे स्वतः जा, चालू नियम विचारा, आणि अर्ज दिल्याची पोच घ्या.

लहान धंद्यास याहून सोपे मार्गही आहेत. महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत बँक शेकडा पंचाहत्तर, महामंडळ शेकडा वीस आणि अर्जदार शेकडा पाच, अशी वाटणी असते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळते. आणि तारण काय देणार, असे बँकेत विचारतील तर उत्तर तयार ठेवा. लघुउद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासून आहे. “तुमच्या लोकांनी तुमच्या महामंडळाकडे जावे,” असे मला एकदा एका बँकेत ऐकविण्यात आले. मी भांडलो नाही. नकार लेखी द्या, एवढेच म्हणालो. अर्ज दुसऱ्या दिवशी स्वीकारला गेला.

परंतु बंधूंनो, दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो असे समजू नका. माझ्या थोरल्या भावाने शिलाईची दोन यंत्रे घेण्यासाठी कर्ज काढले. त्याच वर्षी घरात बहिणीचे लग्न निघाले. एक यंत्र आले. दुसऱ्याचे पैसे मांडवात आणि जेवणावळीत गेले. दोन यंत्रांचे हप्ते एका यंत्राने कसे फिटावे? सहा वर्षे भाऊ बँकेच्या दारावरून जाताना मान खाली घालून जाई, आणि त्याच्या मुलास त्या दारात कोणी उभे केले नाही. बुडालेल्या कर्जाची शिक्षा एकट्यास होत नाही. मागून येणाऱ्या आपल्या प्रत्येक तरुणास ती भोगावी लागते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगास, दोन भाग धंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. दोन भाग धंद्यात, हे शब्द घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

धंदा सुरू झाला की उद्यम नोंदणी करा. ती विनाशुल्क आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाने माल बनवून वा सेवा देऊन नोंदणीनंतर जे बिल केले, ते ग्राहकाने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते केले पाहिजे. न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्याची दाद मागण्यास सुविधा परिषद आहे. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्यास २०२१ पासून ही नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरताच. तसेच केंद्र सरकारची खाती व कंपन्या यांनी आपल्या खरेदीतील शेकडा पंचवीस हिस्सा लहान उद्योगांकडून, आणि त्यातील शेकडा चार अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असे धोरण आहे. हे शेकडा चार कागदावर आहेत. माल बनविणारे आपले हातच नसतील, तर ते कागदावरच राहतील.

शेवटी या किनाऱ्याविषयी. २०२० च्या मार्चमध्ये मांडव्याला रो-रो बोट आली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. रेवस ते कारंजा पुलाची आणि रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची वाट सारा किनारा पाहत आहे. मुंबई जवळ येते तेव्हा जमिनीचा भाव वाढतो. ज्याची जमीन नाही त्याचा भाव वाढत नाही. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला, तो पिकवणारा एक आणि खाणारा दुसरा या व्यवस्थेविरुद्ध होता. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेही त्याच कारणाने. उद्या पर्यटकांच्या बंगल्यांत आपली मुले पहारेकरी आणि आपल्या भगिनी धुणीभांडी करणाऱ्या एवढ्याच राहिल्या, तर खोत बदलला, आपण तेथेच राहिलो, असे म्हणावे लागेल. इंजिनदुरुस्ती, गवंडीकाम, वीजजोडणी, खानावळ, पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाची डाळ, बर्फाच्या पेटीची गाडी, यांपैकी कोणतेही काम हलके नाही. फक्त ते आपल्या मालकीचे असावे.

तुम्ही येथून घरी जाल तेव्हा तीन गोष्टी करा. दाखल्याचे कागद एकत्र करा. घरातल्या ज्या मुलास वा मुलीस एखादे काम हातचे येते, तिच्याशी बसून खर्चाचा हिशेब मांडा. आणि वाडीत आपल्यापैकी कोणी दुकान उघडले तर तेथे रोखीने खरेदी करा. आपल्याच दुकानात उधारी थकविणारा माणूस जातिवंत सावकाराइतकाच आपल्या समाजास बुडवितो. ज्या धक्क्यावरून आपले वडील हात विकावयास गेले, त्या धक्क्यावरून आपला माल जावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.