ही ओवी नेमकी कुणाची?

आजचा भाग छोटा आहे, पण माझ्यासाठी जरा अवघड.

मी मूळचा खुटबावचा. पुणे-दौंड रेल्वेलाइनवरचं गाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. मागच्या दिवाळीत गावी गेलो, मोबाइल आज्जीसमोर धरला आणि म्हटलं, "आज्जी, जात्यावरच्या ओव्या म्हण की." तिनं सलग दहा-बारा म्हटल्या. मग थांबली. म्हणाली, "बाळा, यातल्या निम्म्या माझ्या न्हाईत. माझ्या मैतरणीच्या हायेत."

ही मैत्रीण गावाबाहेरच्या वस्तीतली. दोघी एकाच रानात खुरपायच्या. ती ओवी म्हणायची, आज्जी ऐकायची आणि पहाटे जात्यावर बसली की तीच गायची. मी विचारलं, "मग जेवायला एकत्र बसायचात का?" आज्जी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "न्हाई रं. पाणीसुदीक तिच्या ओंजळीत वरनं वतायचे मी."

म्हणजे बघा. ओवी उंबरा ओलांडून आमच्या घरात आली. ती गाणारी बाई मात्र कधीच आली नाही.

पुण्याला परत आल्यावर मी शोधाशोध केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून, गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस केला. २०१७ पासून त्या 'पारी'च्या वेबसाइटवर येऊ लागल्या. त्यात सासर-माहेर आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. पण मला सगळ्यात भावलं ते हे, की ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलंय. आमच्या भाषेत मेटाडेटा! नाव पुसलं की ते नुसतं 'लोकगीत' होतं, छान वाटतं आणि विषय संपतो. नाव असलं की विचारावं लागतं, ही कोण? आणि आपण तिच्याशी कसे वागलो?

ऑस्ट्रेलियात सरकारनं कित्येक वर्षं आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेली. त्यातलाच एक, आर्ची रोच. त्यानं १९९० मध्ये यावर गाणं काढलं. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली २००८ मध्ये. गाण्यामुळेच माफी मिळाली असं मी म्हणत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी ते लोकांच्या कानावर पडलं होतं.

पुढच्या सुट्टीत मी रेकॉर्डिंग घेऊन वस्तीत गेलो. आज्जीची मैत्रीण आता नाही. तिच्या लेकीनं ऐकलं, दोनदा ऐकलं. म्हणाली, "आईचीच हाय ही." मग माझ्याकडं बघून विचारलं, "पाण्याचं सांगितलं का तुझ्या आज्जीनं?"

मी म्हटलं, "हो मावशी. तेही रेकॉर्ड झालंय."

"मग काढू नको ते. दोन्ही ठेव."

एवढंच झालं. सगळं मिटलं वगैरे काही नाही. मावशींनी चहा दिला, मी प्यालो. आज्जीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला न्हे एकदा तिकडं." अजून नेलेलं नाही; या महिन्यात नेणार आहे.

फाइलला मी त्या बाईंचं नाव दिलंय. मावशी हो म्हणेपर्यंत इथं सांगणार नाही.

तुमच्या घरी कुणी ओवी म्हणत असेल, तर रेकॉर्ड करा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: ही कुणाकडून शिकलीस? भेटू पुढच्या भागात.